पुठ्ठ्यावरचे शब्द : एका स्क्रॅबल प्रकल्पाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

वही आजपासून. वाचनालयाला कुणीतरी देऊन टाकलेला स्क्रॅबलचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या टाइल्स बोर्डावर जुळवून शब्द करायच्या खेळाचा, डबा वर्षभर कपाटावर धूळ खात होता. आज खाली काढून टाइल्स मोजल्या. शंभरच्या शंभर निघाल्या: अठ्ठ्याण्णव अक्षरांच्या, दोन कोऱ्या, कुठल्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात एखादी गोष्ट वर्षभर पडून राहून पुरी निघणं हे नवलच.

मुलं सहा. आठवी ते दहावी, सगळी मराठी माध्यमाची, त्यातल्या चौघांच्या घरी तेलुगू. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर इंग्रजी माध्यमाच्या सहा मुलांशी सामना ठरवून बसलोय. ठरवताना छाती फुगली होती. आता पोटात गोळा आलाय.

बेत असा. माझ्या कार्डं पाडायच्या दुकानात मागाला नक्षी देणारी जकार्डची जुनी पुठ्ठ्याची कार्डं पोत्यानं पडलीत. आता मागाला नक्षी पेन ड्राइव्हवरून जाते, भोकं पाडलेला पुठ्ठा कुणी विचारत नाही. त्या पुठ्ठ्यांवर शब्द लिहायचे. लांबलचक, अवघड, समोरच्याची बोबडी वळेल असे. दिवसाला दहा केले तरी जानेवारीपर्यंत सहा-सातशे होतील.

२० नोव्हेंबर

पहिल्याच कार्डाला हात टेकले. सगळ्यात लांब म्हणून जो शब्द निवडला तो न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. पंचेचाळीस अक्षरं. तीन कार्डं जोडून लिहिला. रात्री जेवताना लक्षात आलं की स्क्रॅबलचा बोर्डच पंधरा बाय पंधरा घरांचा असतो. तिप्पट लांब शब्द काय डोक्यावर ठेवून खेळायचा?

बायको म्हणाली, "नक्षीचा ग्राफ न बघता कार्डं पाडली म्हणायची." आमच्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही.

शब्दाची जन्मकथा मात्र झकास आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो मुद्दाम जुळवला. कोड्यांच्या शौकिनांचा अध्यक्ष, त्याला सगळ्यात लांब शब्द हवा होता, म्हणून त्यानं आजार तयार केला. ज्वालामुखीची अतिबारीक धूळ छातीत जाऊन होणारा रोग. पुढं तो डिक्शनरीतही गेला. साध्या भाषेत सिलिकोसिस म्हटलं की काम भागतं.

छातीत धूळ जाण्याचा रोग म्हटल्यावर अण्णा, माझे वडील, आठवले. ते नंतर लिहीन.

२४ नोव्हेंबर, रविवार

मुलांना लांब शब्दच बघायचे होते. बोर्ड बाजूला सारला आणि वाचनालयाच्या शहाबादी फरशीवर टाइल्स मांडल्या. शब्द: फ्लॉक्सिनॉसिनायहिलिपिलिफिकेशन. अक्षरं एकोणतीस. अर्थ, एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. 'कवडीमोल' या अर्थाचे लॅटिनमधले चार शब्द एकापुढं एक ओवून केलेला हा चेष्टेचा शब्द, १७४१ सालच्या एका पत्रातही सापडतो. आपण एका कवडीत उरकतो, त्यांना एकोणतीस अक्षरं लागली.

गंमत मांडताना आली. यात आय नऊ वेळा येतो, आणि डब्यात आयच्या टाइल्स बरोबर नऊच आहेत. एक हरवली असती तर बसलो असतो. एफ दोन लागतात, दोनच आहेत. सी मात्र चार लागतात आणि डब्यात दोन. मुलं थांबली. मग चिन्नीनं दोन्ही कोऱ्या टाइल्स उचलल्या आणि सीच्या रिकाम्या जागी ठेवल्या. शब्द पुरा! सहाही पोरं फरशीवर आडवी होऊन त्याकडं बघत राहिली, आणि मीपण.

त्याच जोशात पंचेचाळीस अक्षरीही लावायला घेतला. त्यात सी सहा आणि ओ नऊ. ओ डब्यात आठच. कोऱ्या पाच लागल्या असत्या, म्हणजे एका डब्यात तो होतच नाही. नाद सोडला.

(चिन्नी हे तिचं घरातलं नाव. नववीत आहे. खरं नाव वहीत घालत नाही.)

१ डिसेंबर, रविवार

आज बेत मोडून नवा केला. हातात एका वेळी सात टाइल्स असतात. सातही एकदम बोर्डावर उतरवल्या तर वर पन्नास गुण फुकट. म्हणजे कमाई सात अक्षरांत आहे. बोर्डावरच्या एका अक्षराला जोडून उतरवलं तर आठ. त्याच्यापुढचे शब्द लग्नातल्या अहेरासारखे, नुसते दाखवायला. नियम केला: सात आणि आठ अक्षरांचे शब्द, शिवाय क्यू, झेड, जे, एक्स खपवणारे छोटे. लांब शब्दांची एकतीस कार्डं झाली होती, ती पोत्यात परत.

हा खेळ आल्फ्रेड बट्स नावाच्या आर्किटेक्टचा. १९३०च्या दशकातल्या मंदीत काम गेलं, तेव्हा बसून केला. वर्तमानपत्र पुढ्यात घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून टाइल्सची संख्या न् गुण ठरवले. ई बारा, ए नऊ, क्यू आणि झेड एकेकच, त्यांना दहा-दहा गुण. एस फक्त चार ठेवले, कारण एस स्वस्त झाला असता तर जो तो कुठल्याही शब्दाचं अनेकवचन करत सुटला असता. हा माणूस मला आपल्यातला वाटतो. इंचाला ताणे किती, बाणे किती, हे मोजल्याशिवाय आमचाही हात पुढं सरकत नाही.

कार्डाची रीत ठरली. एका बाजूला शब्दाची अक्षरं ए-बी-सीच्या क्रमानं लावून. पाठीमागं त्या अक्षरांचे होतील ते सगळे शब्द. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात हाती आली की लॉटरीच: रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टिअर, स्टेअरिन, रेटसिना. रेटसिना ही ग्रीक दारू. मुलांना ती फक्त टाइल्स म्हणून सांगितली.

८ डिसेंबर, रविवार

बार्शीकडून पाहुणे आले, सीताफळांची पाटी घेऊन. उशिराचा माल, पण गोड.

आजचं कार्ड एटेरिओ. ई-टी-ए-ई-आर-आय-ओ. पिशवीतून पहिल्या सात टाइल्स काढल्या तर सात अक्षरी शब्दांत हाच निघायची शक्यता सगळ्यात जास्त. गुण मात्र सातच, कारण सगळी अक्षरं एकेका गुणाची. पन्नास धरून सत्तावन्न. हे काय असतं म्हणून बीएस्सीच्या भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, तुम्ही आत्ता काय खाताय?" सीताफळ म्हणालो. "तेच एटेरिओ."

एका फुलात अनेक बीजकोश असतात. प्रत्येकाचं एक छोटं फळ होतं आणि सगळी मिळून एक दिसतात. सीताफळ सोलून बी भोवतीचा एकेक गर वेगळा करून पाहिला. खरंच, प्रत्येक डोळा म्हणजे एक स्वतंत्र फळ. चाळीस-पन्नास फळं एकाच सालीत नांदतात. मग मुलांपुढं सीताफळ फोडलं आणि शब्द सांगितला. हे कार्ड पुन्हा कुणाला दाखवावं लागणार नाही. बिया टेबलाखाली सांडल्या म्हणून ग्रंथपालबाईंची बोलणी खाल्ली, ती वेगळी.

११ डिसेंबर

रात्री बारा. झोप येईना म्हणून कॉलिन्सचा शब्दसंग्रह चाळत बसलो होतो. भारतात खेळाला तोच चालतो. 'सी'च्या पानावर थबकलो.

चद्दर. सी-एच-ए-डी-डी-ए-आर.

पुन्हा वाचलं. आहे. सोलापुरात जन्म गेला, हाताखालून हजारो चादरींच्या नक्ष्या गेल्या, आणि ही बया इंग्रजीत जाऊन बसलेली. अक्षरं मोजली: सात! एका हातात मावते. चौदा आणि पन्नास, चौसष्ट गुण.

मग झोप कसली. पानं उलटत गेलो. जकार्ड आहे, आठ अक्षरं, त्यात जे आणि क्यू दोन्ही, सत्तावीस गुण. लिऑनच्या जोसेफ मारी जकार्डनं १८०४ मध्ये यंत्र केलं आणि त्याच्या नावाचं इंग्रजीनं सामान्यनाम करून टाकलं. ज्वारीला जोवर, पाच अक्षरं, पंधरा गुण. चटणी सात अक्षरी, एकही अक्षर दुसऱ्यांदा नाही, तिचेही पंधरा. म्हणजे कडक भाकरी आणि शेंगा चटणी बरोबरीत. बलस्टर, म्हणजे जिन्याच्या कठड्याचे पोटफुगे खांब, आठ अक्षरं. शब्द ग्रीकमधल्या डाळिंबाच्या फुलावरून आलाय. सकाळी वाचनालयाचा जिना चढताना कठडा नीट बघितला. हो की, उलटी धरलेली डाळिंबाची कळीच.

कार्डिंगही सापडला. सात अक्षरं, अकरा गुण. यातल्या 'कार्ड'चा पुठ्ठ्याच्या कार्डाशी संबंध नाही. लॅटिनमधल्या काटेरी झुडपाच्या नावावरून आला, कारण लोकर-कापूस विंचरायचा तर काटे लागतात. अण्णांचं खातं हेच.

१५ डिसेंबर, रविवार

बॅंडिकूट हा नऊ अक्षरी, नियमात बसत नव्हता, तरी उच्चार मजेशीर म्हणून फळ्यावर लिहिला. अर्थ सांगितला: घूस. मोरीखाली माती उकरणारी, ती.

चिन्नी हसायला लागली. "काका, आमची अव्वा तिला पंदिकोक्कु म्हणते."

डिक्शनरी उघडली. बॅंडिकूट, मूळ तेलुगू: पंदिकोक्कु. डुकरासारखा उंदीर. म्हणजे आंध्रातून मागावर पोट भरायला सोलापुरात आलेल्या तिच्या पणजोबांनी हा शब्द सोबत आणला, आणि इंग्रजांनी तोच उचलून डिक्शनरीत नेला. चारही तेलुगू पोरं एकदम ताठ बसली. इतके दिवस इंग्रजी शब्द म्हणजे परक्याच्या घरचं जेवण होतं. आज त्या घरात आपली आजी भेटली.

तिथून सगळे सुटलेच. कॅटमरान तमिळ. मलिगटॉनी तमिळ, मिरीचं पाणी, बारा अक्षरं. उर्दू शाळेशेजारी राहणाऱ्या मुलानं फकीर क्यूनं लिहितात का विचारलं. लिहितात, एफ-ए-क्यू-आय-आर, आणि त्यात यू लागत नाही! यूवाचूनचे क्यू लिहून काढले: ची, काट, कनात, तलाक, कव्वाली. ची म्हणजे क्यू-आय, दोनच अक्षरं, याच्याएवढा कामाचा शब्द दुसरा नाही. कनात म्हणजे जमिनीखालून पाणी आणायचा बोगदा. त्याचंच दुसरं नाव कारेझ, आणि तो बघायचा तर पलीकडं बिदरला आहे. सहल काढू म्हणालो. बोलून गेलो खरं.

२२ डिसेंबर, रविवार

चिन्नी फार पटापट उत्तरं द्यायला लागली. ए, ए, आय, एल, क्यू, डब्ल्यू, डब्ल्यू असं कार्ड दाखवलं आणि माझा हात खाली यायच्या आत "कव्वाली!" संशय आला. दुसरं कार्ड दाखवताना तिचे डोळे कार्डावर नव्हते, कार्डामागच्या ट्यूबलाइटवर होते.

जकार्डच्या कार्डाला भोकं असतात, हे मीच विसरलो. स्केचपेनची शाई भोकाच्या कडेनं मागून पुढं झिरपली होती, आणि उजेडापुढं धरलं की पाठचा शब्द चाळणीतून दिसावा तसा दिसत होता. वीस वर्षं भोकं पाडतोय आणि ही अवस्था.

रागावलो नाही. "किती दिवस चाललंय?" "दोन रविवार." "सांगितलं का नाहीस?" "तुम्ही खूश होत होता, काका."

दोनशे अठरा कार्डांना मागून खाकी कागद चिकटवायला चार रात्री गेल्या. खळ घरचीच, मैद्याची. झुरळांची पंगत झाली.

२९ डिसेंबर, रविवार

दहावीतल्या एकानं हत्यार टाकलं. "अर्थ माहीत नाही, वाक्यात वापरता येत नाही, मग पाठ करून काय फायदा?" बरोबर विचारलं. मी नायजेल रिचर्ड्सची गोष्ट सांगितली. न्यूझीलंडचा माणूस, इंग्रजी स्क्रॅबलचा अनेकदा जगज्जेता. फ्रेंच बोलता येत नव्हतं. नऊ आठवडे फ्रेंच शब्दांची यादी घोकली आणि २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद घेऊन गेला. नुकतंच, २०२४ मध्ये, स्पॅनिशमध्येही तेच केलं.

"म्हणजे पाढ्यासारखं," पोरगा म्हणाला. पाढ्यासारखंच.

त्याला पटलं, पण मला अर्धंच पटलंय. रिचर्ड्स रिचर्ड्स आहे. आमच्या पोरांच्या डोक्यात एटेरिओ राहिला तो सीताफळामुळं. रेटसिना कुणालाच आठवत नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

थोडक्यात. विक्रम सांगितले, पोरं खूश. मँचेस्टरच्या कार्ल खोश्नाव यांनी १९८२ मध्ये 'कझीक्स' या एका शब्दात ३९२ गुण केले. अमेरिकेत मायकेल क्रेस्टा यांनी २००६ मध्ये 'क्विक्सॉट्री'ला ३६५, आणि त्या डावात एकूण ८३०. कागदावर बसून गणित करणारे ऑक्सिफेनब्युटाझोन हा सुजेवरच्या औषधाचा पंधरा अक्षरी शब्द बोर्डाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लावतात आणि दीड हजारांवर गुण काढतात. खऱ्या डावात तसं होत नाही. पोरांना 'खऱ्या डावात होत नाही' एवढंच सोडून बाकी सगळं ऐकू आलं.

सिझिजीला वाय तीन लागतात, डब्यात दोन. एक कोरी खर्च. ऱ्हिदम्समध्ये ए-ई-आय-ओ-यू एकही नाही. हातात नुसती व्यंजनं आली की तोंड पाडायचं नाही, हा आठवायचा.

१४ जानेवारी

सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. नंदीध्वजांमागं सगळं शहर. कार्डं शून्य. दोन पोरं पाळण्यात बसलेली दिसली, मला बघून मान वळवली. मीपण वळवली.

१९ जानेवारी, रविवार

शेवटचा सराव. तो चांगला झाला. त्याबद्दल लिहायचं नाहीये.

काल रात्री 'बी'च्या पानावर बिसिनोसिस वाचला. दहा अक्षरं. कापसाची, तागाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेल्यानं होणारा आजार. मूळ ग्रीकमधल्या तलम कापडाच्या नावात. आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळते, मग दिवसागणिक जरा सैल पडते, हे त्याचं ठळक लक्षण.

अण्णा गिरणीच्या कार्डिंग खात्यात सत्तावीस वर्षं होते. पाळी संपवून यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या, पापण्यांवर तंतू. दारात उभे राहून आधी खोकायचे, मग चप्पल काढायचे. गुळाचा खडा दाराजवळच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा. गुळानं घसा साफ होतो अशी खात्यातल्या सगळ्यांची समजूत. सुट्टी संपली की पहिल्या दिवशी उंबऱ्यावरच बसून राहायचे. आई म्हणायची, सुट्टी सोसत नाही तुम्हाला. आम्ही हसायचो. तेही हसायचे, आणि हसताना पुन्हा खोकला. कागदांवर दमा लिहिलं होतं, कुठं नुसता खोकला. हा दहा अक्षरी शब्द त्यांच्या कुठल्याच कागदावर नव्हता.

कोड्याच्या शौकासाठी बनवलेल्या आजाराला पंचेचाळीस अक्षरं, आणि तो सगळ्या जगाला पाठ. हा आमच्या गल्लीत घरटी एक होता आणि मला त्याचं नाव पन्नाशीत, खेळाच्या यादीत सापडलं.

नियमाप्रमाणं दहा अक्षरी शब्दाचं कार्ड होत नाही. केलं.

२६ जानेवारी, रविवार

सामना झाला. सहातले दोन जिंकलो, चार हरलो. डबे त्यांनी आणले, चहा-पोहे आमचे.

सातच्या सात उतरवायचा योग आमच्या बाजूला तीनदा आला. चद्दर कुणालाच आली नाही. डी चारच, दोन एका हातात कधी यायचे? एकाच्या हातात कार्डिंगची सातही अक्षरं होती. मी मागं उभा राहून बघत होतो, बोलायची सोय नाही. त्यानं 'रिंग' लावला. माझ्याच घशात आवंढा अडकला.

एक पोरगा क्यू धरून यूची वाट बघत बसला. समोर आय मोकळा होता, ची लावायचं सुचलं नाही. डाव संपला, दहा गुण वजा, आणि तेच समोरच्याला जमा. हरला नऊ गुणांनी.

चिन्नीच्या टेबलावर मात्र तमाशा झाला. तिनं दुप्पट शब्दाच्या घरावर जोवर लावला. समोरची मुलगी म्हणाली, "हे तर आपलं ज्वारी आहे. मराठी शब्द चालत नाही." चिन्नी काही बोलली नाही, डिक्शनरीकडं नुसतं बोट दाखवलं. त्यांच्या सरांनी पान काढलं, वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "आहे." तीस गुण. तो डाव ती जिंकली. नंतर दोघी पोह्यांची एकच बशी घेऊन पायरीवर बसल्या होत्या आणि चिन्नी तिला पंदिकोक्कु म्हणायला शिकवत होती.

२ फेब्रुवारी, रविवार

आवराआवर. तयार कार्डं ३४६. भिजून वाया गेलेली ११, झुरळांनी खाल्लेली ५. बुटाच्या खोक्यात अक्षरांच्या क्रमानं लावली. चिन्नी मदतीला होती.

एक कार्ड तिनं बाहेर काढलं. "काका, हे चुकून आलंय. दहा अक्षरी आहे."

असू दे म्हणालो.

तिनं बोटं मोडत मोजलं. "यात एस चार आहेत. डब्यातले सगळेच एस एकट्यानं खाणार हा. कोण खेळणार?" मग सवयीनं गुण मोजले. बी तीन, वाय चार, बाकी आठ एकेक.

"पंधरा," ती म्हणाली. "ज्वारीएवढेच."

कार्ड तिनंच 'बी'च्या जागी सरकवलं, बलस्टरच्या पुढं. पुढच्या रविवारी जे, एक्स आणि झेडचे छोटे शब्द घ्यायचे. खळीत या वेळी मोरचूद घालायचा.